एका वाक्यात उरकलेली साडेतीन वर्षे: कार्ल श्मिटवरील लेखाच्या संपादनाचे प्रकरण

पार्श्वभूमी

विसाव्या शतकातील राजकीय विचारवंतांची मराठीतून ओळख करून देणाऱ्या एका लेखसंग्रहाचे काम चालू असताना घडलेल्या प्रसंगाची ही नोंद आहे. संग्रहाचे, त्यातील लेखकांचे आणि परीक्षकांचे नाव येथे दिलेले नाही. त्या वेळी संपादनाची जबाबदारी दोघांवर होती आणि त्यांपैकी एक मी होतो, एवढे सांगणे पुरेसे आहे.

संग्रहासाठी आम्ही एक साचा ठरवून घेतला होता. प्रत्येक लेखाच्या पहिल्या चतुर्थांशात विचारवंताचे चरित्र यावे, उरलेल्या भागात त्याचे विचार यावेत आणि शेवटी त्याच्या प्रभावावर दोन परिच्छेद असावेत, असा तो साचा होता. पहिल्या आठ-नऊ लेखांपर्यंत या व्यवस्थेविषयी कोणाची तक्रार नव्हती. अडचण आली ती जर्मन विधिज्ञ कार्ल श्मिट याच्यावरील लेखाच्या वेळी. तो लेख संग्रहातील सर्वांत नेटक्या लेखांपैकी एक होता, ही गोष्ट सुरुवातीलाच नमूद केली पाहिजे, कारण लेख कच्चा असता तर निर्णय सोपा झाला असता.

श्मिटचा जन्म 11 जुलै 1888 रोजी वेस्टफालियातील प्लेटेनबर्ग या छोट्या गावी, प्रामुख्याने प्रॉटेस्टंट असलेल्या मुलुखातील एका कॅथलिक कुटुंबात झाला. पहिल्या महायुद्धाच्या काळात त्याने म्युनिकमधील लष्करी प्रशासनात युद्धस्थितीच्या कायद्याशी संबंधित काम केले. नागरी कायदा बाजूला सारून लष्करी हुकमाने कारभार कसा चालतो हे त्याने टेबलाच्या आतल्या बाजूने पाहिले, आणि पुढील काळातील त्याच्या लेखनाचे बरेचसे बीज तेथे असावे, असे मला वाटते. 1921 मध्ये हुकूमशाहीवरचा, 1922 मध्ये ‘राजकीय ईश्वरशास्त्र’ हा, 1923 मध्ये संसदीय पद्धतीच्या वैचारिक अवस्थेवरचा आणि 1928 मध्ये संविधानाच्या सिद्धांतावरचा, असे त्याचे ग्रंथ एकापाठोपाठ एक आले. ‘राजकीय या संकल्पनेचे स्वरूप’ हा निबंध प्रथम 1927 मध्ये प्रसिद्ध झाला आणि 1932 मध्ये विस्तारून पुस्तकरूपाने आला. वायमार प्रजासत्ताकात, म्हणजे 1919 ते 1933 च्या जर्मन लोकशाहीत, त्याचे नाव आघाडीच्या राज्यशास्त्रीय विधिज्ञांमध्ये घेतले जाई आणि त्याचे विरोधकही त्याला गांभीर्याने वाचत.

लेखिकेने हे सर्व उत्तम मांडले होते. ‘अपवादस्थितीविषयी जो निर्णय घेतो तो सार्वभौम’ या वाक्याने ‘राजकीय ईश्वरशास्त्र’ सुरू होते. त्या वाक्याचा अर्थ त्यांनी इतक्या सहजतेने उलगडला होता की राज्यशास्त्राचा गंध नसलेल्या वाचकालाही तो समजावा. कायदा नेहमीच्या परिस्थितीसाठी लिहिलेला असतो. परिस्थिती नेहमीची राहिली आहे की नाही हे मात्र कायद्याला स्वतः ठरवता येत नाही, ते कोणाला तरी ठरवावे लागते, आणि तो ‘कोण’ शोधला की खरी सत्ता कोठे आहे ते कळते. मित्र आणि शत्रू यांच्यातील भेद हा राजकारणाचा निकष आहे, उदारमतवाद त्या भेदाला चर्चेत आणि व्यापारात विरघळवू पाहतो, आणि संसद ही वादविवादातून सत्य शोधणारी सभा न राहता पक्षांच्या सौदेबाजीची जागा झाली आहे, हे श्मिटचे मुद्देही त्यांनी त्याच्याच तर्काच्या क्रमाने मांडले होते.

अडचण

चरित्राच्या भागात पुढील अर्थाचे एक वाक्य होते: 1933 नंतर काही काळ श्मिट नाझी राजवटीच्या जवळ गेला, परंतु 1936 मध्ये त्या राजवटीचा रोष ओढवल्यामुळे तो बाजूला पडला. एवढे सांगून लेख आंतरराष्ट्रीय कायद्यावरील त्याच्या 1950 च्या ग्रंथाकडे वळत होता.

विधिशाखेत दीर्घकाळ अध्यापन केलेल्या आमच्या परीक्षकांनी या वाक्यासमोर समासात केवळ प्रश्नचिन्ह काढले होते. त्यांना विचारता त्यांनी आम्हाला तारखांची एक यादी दिली. ती यादी पुढे या प्रकरणाचा कणा ठरली, म्हणून ती थोडी सविस्तर देतो.

हिटलर 30 जानेवारी 1933 रोजी चान्सलर झाला. राइशस्टागच्या, म्हणजे जर्मन संसदेच्या, इमारतीला आग लागल्यानंतर, 28 फेब्रुवारीच्या वटहुकमाने मूलभूत हक्क स्थगित झाले आणि मार्चच्या अखेरीस सर्वाधिकार देणारा कायदा संमत झाला. त्या कायद्याचे श्मिटने लेख लिहून स्वागत केले. राज्यांची स्वायत्तता संपवणाऱ्या एप्रिल 1933 च्या कायद्याच्या मसुद्यात त्याचा सहभाग होता. त्याच महिन्यात कोलोन विद्यापीठातून ज्यू वंशाचे विधिज्ञ हान्स केल्सन यांना दूर करण्यात आले. केल्सन हे श्मिटचे वैचारिक प्रतिपक्षी असूनही कोलोनमधील त्याच्या नेमणुकीला त्यांनी पाठिंबा दिला होता. तरीही केल्सन यांच्या बाजूने विधिशाखेतील सहकाऱ्यांनी केलेल्या अर्जावर सही न करणारा प्राध्यापक एकटा श्मिट होता. 1 मे 1933 रोजी तो नाझी पक्षाचा सदस्य झाला. जुलैत नाझी नेता गोअरिंग याने त्याला जर्मनीतील सर्वांत मोठ्या राज्याचा, प्रशियाचा, राज्य-सल्लागार नेमले.

30 जून 1934 च्या सुमारास हिटलरच्या आदेशाने पक्षांतर्गत आणि बाहेरच्या विरोधकांची कोणत्याही खटल्याशिवाय हत्या करण्यात आली. मारल्या गेलेल्यांमध्ये माजी चान्सलर जनरल श्लायशर होता, ज्याच्या वर्तुळात श्मिट 1932 मध्ये वावरत होता. 1 ऑगस्ट 1934 च्या विधिविषयक नियतकालिकात, ज्याचा संपादक तो स्वतः होता, श्मिटने या हत्यांचे समर्थन करणारा लेख लिहिला. खरा नेता हा नेहमीच न्यायाधीशही असतो, असे त्यात म्हटले होते. ऑक्टोबर 1936 मध्ये त्याने विधिशास्त्रातील ज्यूंच्या प्रभावाविरुद्ध बर्लिनमध्ये परिषद भरवली आणि ज्यू लेखकांचा संदर्भ द्यायचाच झाला तर तो लेखक ज्यू असल्याचा उल्लेख करून द्यावा, अशी मागणी मांडली. दोनच महिन्यांनी एसएस या नाझी निमलष्करी संघटनेच्या मुखपत्राने त्याच्यावर तो संधिसाधू असल्याची टीका केली आणि त्याची पक्षातील पदे गेली. बर्लिनमधील प्राध्यापकपद आणि राज्य-सल्लागाराची पदवी मात्र 1945 पर्यंत त्याच्याकडे होती.

हे सर्व ‘काही काळ जवळ गेला’ या शब्दांत मावत नाही, याबद्दल आमच्यात मतभेद नव्हता. ते कोठे आणि कसे मांडावे, यावर मात्र मतभेद झाला.

लेखिकेची बाजू

लेखिकेने ती वर्षे दडवण्यासाठी ते वाक्य आखडते घेतलेले नव्हते, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. त्यांचे म्हणणे असे होते की सिद्धांताचे मूल्य सिद्धांतकाराच्या वर्तनावरून ठरत नाही. एखाद्या गणितज्ञाने चोरी केली म्हणून त्याचे प्रमेय चुकत नाही. शिवाय श्मिटचा उपयोग उजव्या विचारवंतांपेक्षाही डाव्या आणि उदारमतवादी अभ्यासकांनी अधिक बारकाईने केलेला आहे: वॉल्टर बेंजामिन यांनी 1930 च्या डिसेंबरात त्याला स्वतःचे पुस्तक आदरपूर्वक पाठवले होते, शांताल मूफ यांनी त्याच्याशी वाद घालत आपला लोकशाहीचा विचार उभा केला, आणि पश्चिम जर्मनीच्या संविधान न्यायालयाचे पुढे न्यायाधीश झालेले ब्योकेनफोर्ड हे त्याच्याकडे जात असत. जर्मनीच्या 1949 च्या मूलभूत कायद्यातील 79 व्या अनुच्छेदाने काही तत्त्वे घटनादुरुस्तीच्या कक्षेबाहेर ठेवली आहेत. घटनादुरुस्तीच्या अधिकाराला अंगभूत मर्यादा असतात हा श्मिटचा 1928 मधील युक्तिवाद त्या तरतुदीच्या मागे अनेक अभ्यासकांना दिसतो. अशा माणसाची ओळख करून देताना पानेच्या पाने नाझी काळाला दिली तर वाचक त्याचे विचार वाचण्याआधीच पुस्तक मिटून ठेवील, अशी त्यांना भीती वाटत होती.

हा युक्तिवाद मला तेव्हाही वजनदार वाटला आणि आजही वाटतो. गणितज्ञाचे उदाहरण मात्र येथे लागू पडत नाही असे माझे मत होते, आणि त्याचे कारण खुद्द श्मिटच्याच लेखनात सापडते. राजकारणातील प्रत्येक संकल्पना, प्रत्येक शब्द विशिष्ट संघर्षात कोणाच्या तरी विरुद्ध उच्चारलेला असतो आणि तो संघर्ष बाजूला काढला की शब्द पोकळ होतो, असे त्याने 1932 च्या पुस्तकात स्पष्ट लिहिले आहे. ‘सार्वभौम’, ‘अपवाद’, ‘शत्रू’ हे शब्द कोणत्या साली, कोणाविरुद्ध आणि कोणत्या न्यायालयात वापरले गेले हे न सांगता श्मिट समजावून देणे म्हणजे श्मिटचाच नियम मोडणे होते.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय लेख वगळण्याचा होता. तो माझ्या सहसंपादकांनी मांडला आणि आम्ही दहा मिनिटांत सोडून दिला. श्मिट वगळून वायमार काळातील संविधानविषयक वाद समजावून सांगता येत नाहीत.

दुसरा पर्याय लेख जसाच्या तसा ठेवून वर संपादकीय टिपण जोडण्याचा होता. त्यात वेळ वाचत होता आणि लेखिकेचा मानही राहत होता. परंतु अशी टिपणे दुकानाच्या दारावरील पाटीसारखी असतात, आत शिरलेला मनुष्य ती विसरतो. वाचकाने टिपणात निषेध वाचावा आणि लेखात तोच विचार कोऱ्या पाटीवर वाचावा, हे आम्हाला पटले नाही.

तिसरा पर्याय चरित्राचा भाग वाढवण्याचा होता. यावर आम्ही सर्वाधिक वेळ घालवला आणि एक खर्डाही तयार केला. तो वाचताना लक्षात आले की दोष मजकुराच्या लांबीत नसून आमच्या साच्यात आहे. चरित्र आणि विचार असे दोन भाग पाडले की 1934 चा लेख चरित्रात जातो, 1922 चा ग्रंथ विचारांत जातो, आणि एकच लेखणी दोन्ही ठिकाणी चालली आहे हे वाचकाला दिसतच नाही. 1934 चा लेख हाही एक विचार होता: अपवादाच्या क्षणी निर्णय घेणारा तोच कायद्याचा उगम, हे सूत्र त्यात नावानिशी एका व्यक्तीला लावले होते. त्याला चरित्रातील स्खलन म्हणायचे की विचाराचा उपयोग म्हणायचे, हा निर्णय आमच्या साच्याने कोणाला न विचारता आधीच घेऊन टाकला होता.

चौथा पर्याय संपूर्ण लेख कालक्रमाने पुन्हा बांधण्याचा होता. प्रत्येक विचार त्याच्या तारखेजवळ ठेवावा आणि प्रत्येक ठिकाणी त्या काळातील एखाद्या समकालीनाचे उत्तर द्यावे, अशी त्यामागची कल्पना होती. हा पर्याय सर्वांत कष्टाचा होता, आणि त्यात एक धोकाही होता ज्याकडे परीक्षकांनीच लक्ष वेधले: शेवट ठाऊक असल्यामुळे 1922 चे प्रत्येक वाक्य 1933 कडे जाणारी पायरी वाटू लागेल.

निर्णय आणि कार्यवाही

आम्ही चौथा पर्याय स्वीकारला. लेखिका प्रथम नाखूश होत्या. परंतु तारखांच्या यादीसमोर बसून त्यांनी स्वतःच लेखाचा मध्यबिंदू हलवला. नव्या खर्ड्याच्या केंद्रस्थानी सार्वभौमत्वाची व्याख्या न राहता 1932 चा एक खटला आला. माझ्या मते संपूर्ण कामातील सर्वांत चांगला निर्णय तो होता आणि तो संपादकांचा नव्हता.

वायमार संविधानाच्या 48 व्या अनुच्छेदानुसार सार्वजनिक सुरक्षितता गंभीरपणे धोक्यात आली असता राष्ट्राध्यक्षाला आवश्यक उपाय योजता येत, लष्कर वापरता येई आणि नावानिशी दिलेले सात मूलभूत हक्क तात्पुरते स्थगित करता येत. राइशस्टागने मागणी केल्यास हे उपाय मागे घ्यावे लागत. राष्ट्राध्यक्षाचा अधिकार त्या सात हक्कांपुरता बांधलेला नाही, असा अर्थ श्मिटने 1924 मध्येच लावला होता. 1931 मध्ये संविधानाचा रक्षक कोण असावा या प्रश्नाला त्याने ‘राष्ट्राध्यक्ष’ असे उत्तर दिले आणि त्याच वर्षी केल्सन यांनी त्याला प्रत्युत्तर लिहिले: वादातील एका पक्षालाच वादाचा न्यायाधीश करता येत नाही, ते काम संविधान न्यायालयाचे आहे.

20 जुलै 1932 रोजी चान्सलर पापेन याने 48 व्या अनुच्छेदाचा आधार घेऊन प्रशियाचे सरकार बरखास्त केले आणि केंद्राचा आयुक्त म्हणून तेथील कारभार स्वतःकडे घेतला. जर्मनीचा सुमारे तीन पंचमांश प्रदेश व लोकसंख्या असलेल्या या राज्यात ओटो ब्राउन यांच्या नेतृत्वाखालील सरकार काळजीवाहू म्हणून काम पाहत होते. तीन दिवसांपूर्वी प्रशियातील आल्टोना येथे झालेल्या रक्तरंजित दंगलीचे निमित्त पुढे करण्यात आले. प्रकरण लाइपझिगच्या राज्य न्यायालयात गेले. ऑक्टोबरमधील सुनावणीत केंद्र सरकारच्या बाजूने उभ्या राहिलेल्या विधिज्ञांमध्ये श्मिट होता, तर प्रशियाच्या विधिमंडळातील सोशल डेमोक्रॅट गटाच्या बाजूने हेर्मान हेलर उभे होते. 25 ऑक्टोबरचा निकाल दोन्हीकडे थोडेथोडे देणारा होता: आयुक्ताची नेमणूक तात्पुरत्या स्वरूपात वैध ठरली, पण केंद्राच्या राज्यसभेत प्रशियाचे प्रतिनिधित्व जुन्या सरकारकडेच राहिले. प्रत्यक्षात पोलिस आणि प्रशासन परत मिळाले नाही. सहा महिन्यांत ती यंत्रणा गोअरिंगच्या हाती गेली.

या खटल्यामुळे लेखाला दोन गोष्टी मिळाल्या. एक म्हणजे अपवादाचा सिद्धांत हवेत न राहता एका अनुच्छेदाच्या, एका राज्याच्या आणि एका निकालाच्या रूपाने वाचकासमोर उभा राहिला. दुसरी अशी की श्मिटला उत्तर देण्यासाठी आम्हाला पश्चातबुद्धीचा आधार घ्यावा लागला नाही. केल्सन आणि हेलर यांनी तेव्हाच, त्याच कायद्याच्या भाषेत, पुढे काय होईल ते ठाऊक नसताना उत्तरे दिली होती. पहिल्या खर्ड्यात या दोघांची नावे केवळ एकेकदा आली होती.

परीक्षकांनी दाखवलेला धोका टाळण्यासाठी लेखिकेने एक परिच्छेद मुद्दाम घातला. 1932 च्या उन्हाळ्यात प्रसिद्ध झालेल्या ‘वैधता आणि अधिमान्यता’ या पुस्तकात श्मिटने असा इशारा दिला होता की संविधान मोडण्याच्या उद्देशाने सत्तेवर येऊ पाहणाऱ्या पक्षांनाही संविधान समान संधी देत असेल, तर पहिला आत शिरणारा आपल्यामागे दार लावून घेईल. 31 जुलै 1932 च्या निवडणुकीत नाझी पक्षाला 37.3 टक्के मते आणि 230 जागा मिळाल्या, त्या महिन्यांतील हे लेखन आहे. म्हणजे त्या वेळी तो राष्ट्राध्यक्षाच्या अधिकारशाहीचा पुरस्कर्ता होता, हिटलरचा नव्हता. हे लिहिले नाही तर 1 मे 1933 ची तारीख समजतच नाही. इशारा देणारा मनुष्य नऊ-दहा महिन्यांत त्याच दारातून आत जातो, आणि आत गेल्यावर दार लावून घेणाऱ्यांना कायद्याची भाषा पुरवतो, याचे स्पष्टीकरण केवळ सिद्धांतातून किंवा केवळ स्वार्थातून होत नाही. तत्त्वज्ञ कार्ल लोविट यांनी 1935 मध्ये टोपणनावाने लिहिलेल्या टीकेत याचे एक उत्तर दिले होते: श्मिटच्या विचारात ‘निर्णय’ आहे, परंतु कशाचा निर्णय हे ठरवणारा आशय नाही, त्यामुळे तो प्रत्येक वेळी समोर आलेल्या प्रसंगावर टेकतो. लेखिकेने हे उत्तर दिले, त्याखाली स्वतःचे मत जोडले नाही. ते जोडावे असा माझा आग्रह होता. त्यांनी तो मानला नाही.

कोणती आवृत्ती आधारभूत धरावी हाही प्रश्न याच टप्प्यावर आला. मित्र-शत्रू भेदाचे पुस्तक 1933 मध्ये पुन्हा निघाले तेव्हा श्मिटने त्यातील शब्द आणि संदर्भ नव्या राजवटीला मानवतील असे बदलले होते, आणि लोविट यांनी ते बदल टिपून ठेवले होते. 1963 मध्ये पुस्तक पुन्हा छापताना मात्र त्याने 1932 चाच मजकूर घेतला. आम्हीही 1932 चाच मजकूर वापरला, पण मधली आवृत्ती अस्तित्वात होती हे मुख्य मजकुरात सांगितले, तळटिपेत नाही.

शब्दांचे प्रश्न

संपादनाचा जवळपास निम्मा वेळ तीन-चार शब्दांवर गेला, आणि तो वाया गेला असे मला वाटत नाही. पहिल्या खर्ड्यात ‘आणीबाणी’ हा शब्द होता. तो ओळखीचा आहे. पण त्याच ओळखीमुळे मराठी वाचकाच्या मनात 1975 उभे राहते आणि जर्मनीतील 1922 मागे पडते. शिवाय आणीबाणी ही संविधानात तरतूद असलेली, घोषणा करून लागू होणारी अवस्था आहे, तर श्मिटला अभिप्रेत असलेली स्थिती अशी आहे की तिची पूर्ण तरतूद आधी करताच येत नाही. म्हणून ‘अपवादस्थिती’ हा शब्द घेतला आणि 48 व्या अनुच्छेदापुरते ‘आणीबाणीचे अधिकार’ असे म्हटले.

‘शत्रू’ या शब्दाबाबत मराठीने मदत केली. श्मिट खासगी द्वेषाचा शत्रू आणि सार्वजनिक शत्रू यांच्यात फरक करतो आणि त्यासाठी लॅटिनमधील दोन वेगळ्या शब्दांचा आधार घेतो. मराठीत वैर हे माणसामाणसांत, घराघरांत असते आणि पिढ्यानपिढ्या चालते. त्यामुळे ‘शत्रू असायला वैरी असावे लागत नाही’ असे लेखिकेने लिहिले तेव्हा अर्ध्या पानाचे स्पष्टीकरण गळून पडले. तेच वाक्य नंतर 1936 च्या परिषदेजवळ पुन्हा वाचावे लागते, कारण सार्वजनिक शत्रुत्वात द्वेष नसतो असे म्हणणाऱ्याच्या त्या दिवशीच्या भाषणात द्वेषाशिवाय फारसे काही नव्हते. ही जोडणी आम्हाला सुचली ती केवळ कालक्रमामुळे.

1934 च्या लेखाच्या शीर्षकाने सर्वांत जास्त छळले. ‘नेता कायद्याचे रक्षण करतो’ हे पहिले भाषांतर इतके निरुपद्रवी झाले की ते एखाद्या शाळेच्या भिंतीवर शोभावे. जर्मन शब्दात कायदा, न्याय आणि हक्क हे तिन्ही अर्थ मिसळलेले आहेत आणि संसदेने केलेल्या लिखित कायद्यासाठी त्या भाषेत वेगळा शब्द आहे. श्मिटचा सारा डाव या दोहोंमधील फटीत आहे. हत्यांनंतर 3 जुलै रोजी त्यांना पूर्वलक्षी प्रभावाने वैध ठरवणारा लिखित कायदा सरकारने केलाच होता. श्मिट त्याच्याही पलीकडे जाऊन सांगत होता की त्या कृतीला अशा कायद्याची गरजच नव्हती, ती स्वतःच न्यायदान होती. शेवटी ‘फ्यूरर न्यायाचे रक्षण करतो’ असे शीर्षक घेतले आणि वरील फरक दोन वाक्यांत समजावला. माझ्या सहसंपादकांना ‘फ्यूरर’ हा मूळ शब्द ठेवणे खटकले होते, परंतु ‘नेता’ या शब्दाला मराठीत जो सैलपणा आला आहे तो पाहता दुसरा उपाय नव्हता.

फलित

लेख मूळ खर्ड्यापेक्षा सुमारे दीडपट लांब झाला आणि संग्रहाचे काम दोन महिने लांबले. साच्यातही बदल करावा लागला: उरलेल्या लेखांना चरित्र आणि विचार वेगळे ठेवण्याची अट आम्ही काढून टाकली, आणि आधी स्वीकारलेल्या दोन लेखांच्या लेखकांना त्यामुळे विनाकारण त्रास झाला. त्यांपैकी एकाने तसे पत्राने कळवले, आणि त्यांचे म्हणणे रास्त होते.

वाचकांकडून आलेल्या प्रतिक्रिया दोन टोकांच्या होत्या. श्मिटला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले आहे असे काहींचे म्हणणे पडले, तर त्याच्या तर्काला गरजेपेक्षा जास्त जागा दिली आहे असे इतरांना वाटले. यावरून लेख समतोल ठरतो असा निष्कर्ष काढण्याचा मोह मला होतो, पण तो काढता येत नाही. दोन्ही बाजूंनी तक्रार येणे हे अचूकपणाचे प्रमाण नव्हे. अधिक उपयोगी ठरली ती एका विद्यार्थ्याची शंका: ‘त्याला पुढे शिक्षा झाली का?’ याचे उत्तर लेखात होते, पण शोधावे लागत होते.

वेगळे काय करता आले असते

ती शंका नेमकी आमच्या चुकीवर बोट ठेवणारी होती. नवा खर्डा 1936 पर्यंत अतिशय काळजीने जातो आणि डिसेंबरमध्ये एसएसच्या मुखपत्रातील टीकेपाशी आल्यावर आमची गती एकदम वाढते. आघात झाला, पदे गेली, मनुष्य बाजूला पडला, या क्रमामुळे वाचकाच्या मनात नकळत सहानुभूती निर्माण होते. पहिल्या खर्ड्यातील वाक्यही नेमके तेच करत होते. 1939 च्या एप्रिलमध्ये, युद्ध सुरू होण्याच्या पाच महिने आधी, कील येथील व्याख्यानात त्याने ‘महाअवकाशा’ची कल्पना मांडली, म्हणजे एका प्रमुख सत्तेच्या प्रभावाखालील आणि परकीय हस्तक्षेपाला बंद असलेला विस्तृत प्रदेश. बाजूला पडलेल्या माणसाचे हे लेखन नव्हे. आम्ही त्याला एक परिच्छेद दिला, त्याला स्वतंत्र भाग मिळायला हवा होता.

युद्धोत्तर काळाबाबतही तसेच झाले. अमेरिकनांनी त्याला एक वर्षाहून अधिक काळ स्थानबद्ध ठेवले, 1947 च्या वसंतात न्यूरेंबर्ग येथे त्याची चौकशी झाली आणि आरोप न ठेवता त्याला सोडण्यात आले. नाझीमुक्तीच्या, म्हणजे नाझी राजवटीतील सहभागाची छाननी करणाऱ्या, प्रक्रियेला सामोरे जाण्यास त्याने नकार दिला आणि विद्यापीठात पुन्हा कधी पद मिळाले नाही. प्लेटेनबर्गमधील निवासाला त्याने मॅकियाव्हेलीच्या विजनवासातील गावाचे नाव दिले आणि 7 एप्रिल 1985 रोजी, वयाच्या 96 व्या वर्षी, त्याच गावी त्याचा मृत्यू झाला. पश्चात्तापाचे जाहीर निवेदन त्याने केले नाही. 1947 पासूनच्या त्याच्या खासगी टिपणवह्या 1991 मध्ये प्रसिद्ध झाल्या तेव्हा त्यांत ज्यूद्वेष कायम असल्याचे दिसले, आणि 1936 ची परिषद म्हणजे केवळ जीव व पद वाचवण्याची धडपड होती हे समर्थन त्यानंतर टिकणे अवघड झाले. या टिपणवह्यांचा उल्लेख आमच्या लेखात एका ओळीत, प्रभावाविषयीच्या परिच्छेदात आला आहे. साडेतीन वर्षे एका वाक्यात उरकल्याबद्दल लेखिकेला हटकणाऱ्या संपादकांनी पुढची चाळीस वर्षे एका ओळीत बसवली, ही गोष्ट छापून झाल्यावर परीक्षकांनीच हसत दाखवून दिली.

कामाच्या पद्धतीविषयी दोन गोष्टी नोंदवतो. पारिभाषिक शब्द आम्ही लेख लिहून झाल्यावर ठरवले; ते लेखिका, परीक्षक आणि संपादक यांनी आधी एकत्र बसून ठरवले असते तर तिसरा खर्डा टळला असता. दुसरी म्हणजे परीक्षकांचे मत आम्ही लेख स्वीकारल्यानंतर मागवले. स्वीकृतीचे पत्र हाती असलेल्या लेखिकेला लेख पुन्हा बांधायला सांगणे हा अन्यायच होता. त्यांनी तो सहन केला याचे श्रेय त्यांना आहे, आमच्या व्यवस्थेला नाही.

आणखी एक उणीव राहिली आहे. हेर्मान हेलर लाइपझिगमध्ये हरलेल्या बाजूला होते, 1933 मध्ये त्यांना जर्मनी सोडावी लागली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात माद्रिदमध्ये, वयाच्या अवघ्या 42 व्या वर्षी, त्यांचा मृत्यू झाला. संग्रहात त्यांच्यावर लेख नाही. ते केवळ श्मिटचे प्रतिपक्षी म्हणून येतात. पुढील आवृत्तीसाठी तो लेख लिहिण्याचे लेखिकेने मान्य केले आहे आणि त्याची सुरुवात 25 ऑक्टोबर 1932 च्या निकालापासून करण्याचा त्यांचा विचार आहे. परीक्षकांचे मत या वेळी लेख स्वीकारण्याआधी मागवायचे ठरले आहे.